तोक्तोकानचं जाकीट

रिस्केल्दीच्या हातचं खोगीर घोड्याच्या पाठीला कधी लागलं नाही, हे किरगीझ मुलखातल्या तोसोर गावात कुणीही सांगेल. लागलं असतं तर ते त्यानं स्वतःच्या पाठीला बांधून गावभर फिरायलाही कमी केलं नसतं, असला तो माणूस. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, घोडा आधी दारात आणायचा. घोडा न दाखवता नुसतं माप सांगणाऱ्याला तो चहासुद्धा विचारत नसे. "बसणार तू, पण घालायचंय त्याला. त्याला विचारलंस का?" असं म्हणून सरळ वाटेला लावायचा.

आणि याच माणसानं पोटच्या पोरीच्या बाबतीत असा घोळ घातला की आजही आठवलं तर डोक्यावरची उंच लोकरी टोपी, काल्पाक, डोळ्यांवर ओढून घेतो.

पोरीचं नाव तोक्तोकान. तिच्या आधीची दोन मुलं चाळीस दिवसही राहिली नव्हती, म्हणून तिसरीचं नाव ठेवलं ते थेट 'थांब' म्हणून. थांबली बिचारी. सव्वीस वर्षांची झाली, कराकोलला जाऊन इतिहास शिकून आली, गावच्या शाळेत शिकवायला लागली, पण उंची मात्र बापाच्या खांद्याशीच राहिली. बाप तिला अजून कुलुनूम म्हणतो, म्हणजे माझं शिंगरू. शाळेच्या पोरांसमोरही म्हणतो. ती नुसती डोळे मोठे करते.

आता या शिंगराला कसला नाद लागावा? तळ्याचा. इस्सिक-कूलच्या तळाशी जुनं गाव बुडालेलं आहे, हे तोसोरमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वादळ झालं की काठावर खापरं येतात. लहानपणी तोक्तोकान ती वेचून बापाच्या दोऱ्याच्या डब्यात लपवायची, आणि सुईदोऱ्यासाठी डबा उघडला की रिस्केल्दीच्या हातात मडक्याचा कान यायचा. यंदा त्या बुडल्या गावाची मोजणी करायला एक टोळी येणार होती. त्यांना इथलाच एक पाणबुड्या हवा होता. तोक्तोकानने उन्हाळाभर धक्क्याजवळच्या रायसाएजेकडे, म्हणजे रायसाताईकडे, पाण्याखाली जायला शिकून घेतलं, आणि मग घरी सांगितलं. आधी शिकली, मग सांगितलं. बापावरच गेलेली.

रिस्केल्दी हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही. महिनाभर गप्प बसला. तळ्यापासून तीनशे पावलांवर घर, एकसष्ट वर्षं वय, आणि पाणी कधी गुडघ्याच्या वर चढू दिलेलं नाही, तेही घोड्यांना पाणी दाखवताना. तळं बघायचं असतं, त्यात जायचं नसतं, असं त्याचं मत. जे खाली जातं ते तळं सहज परत देत नाही, असं त्याची आई म्हणायची. दोन मुलं मातीला दिलेला माणूस तो. तिसरं पाण्याला द्यायची कल्पना आली तरी त्याच्या हातातली आरी थांबायची.

महिन्यानंतर एका सकाळी तो काल्पाक घालून दारात उभा राहिला.

"ते जाकीट घ्यायचंय म्हणत होतीस ना?"

"हो, आके." बापाला आणि वडीलधाऱ्या पुरुषाला इकडे आकेच म्हणतात.

"मी येतो. मापातलं मला कळतं."

तिच्या आईनं पटकन दोघांच्या पिशवीत बोरसोक, पिठाचे तळलेले गोळे, भरून दिले, न जाणो त्याचं मन बदलायचं.

रायसाचं दुकान म्हणजे जुन्या धक्क्याजवळची एक पत्र्याची शेड. रायसा रशियन, साठीची, जन्म इथलाच, आणि किरगीझ अशी बोलायची की गावातल्या म्हाताऱ्यांनी ऐकत राहावं. शिकणाऱ्यांना ती सगळं उसनं द्यायची, एक जाकीट सोडून.

"मास्क उसना चालतो, पायातले पंखे उसने चालतात," ती म्हणाली, "जाकीट ज्याचं त्याचं. अंगाला बसलं पाहिजे."

"खोगिरासारखं," रिस्केल्दी म्हणाला. बाई त्याला जरा बरी वाटली.

खुंटीवर दोन जाकिटं होती. कागदावर त्यांचं नाव बीसीडी, पण रायसा जाकीटच म्हणायची. एक काळं, भलं दांडगं, खिसेच खिसे, कड्याच कड्या. दुसरं राखाडी, आटोपशीर, खांद्याला अरुंद, बघितलं तर डोळ्यांत न भरणारं. रिस्केल्दीने दोन्ही उतरवून मांडीवर घेतली. शिवण उलटून पाहिली, पट्टा दातांत धरून ओढला, प्लास्टिकच्या बकलांकडे बघून नाक मुरडलं.

"हे काय, खेळण्यातलं?"

"आके, त्यानं शंभर किलो धरलं तरी तुटत नाही," रायसा म्हणाली.

"पितळेचं असतं तर मी काही बोललो असतो का?"

मग त्याने खिशातून एक डबी काढली. आत मेंढीच्या शेपटीची चरबी. नवा पट्टा म्हटला की आधी चरबी चोळायची, हे त्याच्या हातांना कुणी सांगावं लागत नाही. झाकण उघडतंय तोच रायसाने डबी हिसकावली.

"ही बाहेर ठेवा. हवेची टाकी या पट्ट्याने पाठीवर आवळलेली असते. चरबी लागली की टाकी घसरून पोरीच्या टाचेला येईल."

"कोरडा पट्टा कातडी सोलतो."

"ती एवढा जाड पोशाख घालते की तिच्या कातडीला कळणारही नाही. ठेवा बाहेर."

तोक्तोकान हसू दाबत पडद्यामागे तो जाड पोशाख चढवत होती. रिस्केल्दी रायसाजवळ सरकला आणि आवाज उतरवून म्हणाला, "मला एकच सांगा. यातलं जास्त वर कोणतं आणतं?"

रायसाने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग सावकाश सांगितलं. "टाकीतली हवा या नळीतून जाकिटात घ्यायची. या बटणाने घ्यायची, त्या बटणाने सोडायची. तरंगायला नव्हे, आके. पाण्यात जिथं आहे तिथं थांबायला. वर नाही, खाली नाही. लगाम जसा जरासा धरतो, जरासा सोडतो, तसं. त्यासाठी ते अंगाबरोबर हललं पाहिजे."

"कळलं. पण जास्त वर कोणतं आणतं?"

"हवा काळ्यात जास्त मावते."

"मग काळं."

"आधी तिला घालू तर द्या."

तोक्तोकानने आधी राखाडी घातलं. बकलं लावली, हात वर केले, कमरेत वळली, खाली वाकली, आणि तिचा चेहरा एकदम फुलला. रिस्केल्दीने ते पाहिलं. खोटं कशाला बोला, पाहिलं. आणि पाहून खिडकीकडे तोंड केलं.

"आता ते काळं घाल बरं, कुलुनूम."

तेवढ्यात बाहेर टाकी भरायचं यंत्र कर्कश ओरडायला लागलं म्हणून रायसा उठून गेली. तोक्तोकानने काळं चढवलं. रिस्केल्दीने पुढचा पट्टा खेचला, बकल लावलं, खाली बोटं सरकवून पाहिली. दोन बोटं. बरोब्बर दोन. खोगिराच्या तंगाला, घोड्याच्या पोटाखालच्या पट्ट्याला, तो जन्मभर जेवढी जागा ठेवत आला तेवढीच.

"बसलं की," तो म्हणाला. "आवळत नाही ना?"

तिने नुसती मान हलवली.

"सैल?"

पुन्हा मान हलवली. त्याने खिशातला लाल दोरा काढून पट्ट्यावर त्या जागी गाठ मारली, तंगाची खूण करतात तशी. महिनाभरात पहिल्यांदा त्याच्या छातीवरचं ओझं थोडं हललं. तोक्तोकान भिंतीकडे तोंड करून जाकीट काढायला लागली.

रायसा परत आली. "काळं? अगं, तुझ्या उंचीला मला राखाडी बरं वाटत होतं."

"काळंच बरं आहे, एजे," तोक्तोकान म्हणाली.

रायसाने बापाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. "बरं. बाप-लेकीच्या मध्ये मी पडत नाही. पण परवा पाण्यात घालून बघू. तोवर किमतीची चिठ्ठी कापायची नाही."

परवा म्हणजे परीक्षाच होती. टोळी शनिवारी निघणार, आणि निवड रायसावर सोपवलेली. परीक्षा ऐकायला सोपी: तळाच्या वर वीतभर अंतरावर, आडवं, पाच मिनिटं स्थिर राहायचं. तळाला बोट लावायचं नाही, गाळ उडवायचा नाही. खाली हजार वर्षांची मडकी झोपलेली, तिथं एक लाथ बसली की संपलं. हे तोक्तोकान घरी इतक्यांदा बोलली होती की तिच्या आईलाही पाठ झालं होतं. आयुष्यात तिने दुसरं काही एवढं मागितलंच नव्हतं.

गुरुवारी सकाळी ऊन चांगलं होतं आणि पाणी असं निवळ की धक्क्यावरून तळाचे गोटे मोजावेत. रिस्केल्दी धक्क्याच्या टोकाला उभा राहिला. तोक्तोकान रायसाबरोबर काठावरून चालत पाण्यात गेली, छातीभर पाण्यात जाकिटात हवा भरली, आणि काळं जाकीट वर चढून तिच्या कानांपर्यंत आलं. हनुवटी आत बुडाली. पाठीवरची टाकी डावीकडे कलली. रिस्केल्दीला आधी हसूच आलं. मग हसू गेलं, कारण तिला मान वळवता येईना.

दोघी खाली गेल्या. वरून सगळं दिसत होतं. पोर आडवी झाली, की टाकी एका अंगाला घसरायची आणि तिला पालथीची उताणी करायची. ती सावरायची, पुन्हा घसरायची. एकदा हात तळाला लागला. मग गुडघा लागला. मग गाळाचा असा लोट उठला की दोघी दिसेनाशा झाल्या, आणि त्या गढूळ पाण्याकडे बघत रिस्केल्दीने देवाचं नाव किती वेळा घेतलं ते त्यालाच माहीत.

वर आल्यावर रायसाने मास्क कपाळावर सरकवला. "तीनदा टेकलीस. हे जाकीट तुला..."

"जाकीट चांगलं आहे," तोक्तोकान मध्येच म्हणाली. बापाकडे न बघता म्हणाली. "मलाच जमत नाहीये, एजे. माझीच चूक आहे."

रायसा टाकी उतरवायला शेडकडे गेली. तोक्तोकान काठावरच्या दगडावर बसली. टाकी उतरवलेली, जाकीट अजून अंगावर, बकलं लावलेली. आणि तिने एक लांब श्वास सोडला, रडू आवरताना सोडतात तसला.

रिस्केल्दी धक्क्यावरून येऊन तिच्यासमोर उभा होता. त्याची नजर पट्ट्यावर होती. लाल दोऱ्याची गाठ जिथल्या तिथं, बकलाला टेकलेली. आणि तरी पट्टा सैल पडून पुढे लोंबला. दोन बोटं कसली, अख्खा तळहात आत गेला असता.

पट्टा तोच, खूण तीच, पोरगी तीच. मग दुकानात दोन बोटं आणि इथं तळहात? हे त्याने आयुष्यात हजारदा पाहिलं होतं. फक्त माणसात कधी पाहिलं नव्हतं. खोगीर चढवताना घोडं छाती भरून पोट फुगवतं. अडाणी माणूस तसाच तंग आवळतो, आणि दहा पावलांवर घोड्याने श्वास सोडला की खोगीर फिरतं नि स्वार खाली. म्हणून जाणता माणूस तंग हातात धरून उभा राहतो. घोडं कधी ना कधी श्वास सोडतंच. रिस्केल्दीला या बाबतीत कुठल्या घोड्याने आजवर फसवलं नव्हतं. त्याला तोक्तोकानची दुकानातली ती मान आठवली. ती तोंडाने का बोलली नाही, ते आत्ता कळलं.

तो तिच्यासमोर खाली बसला. गुडघे कुरकुरले.

"कधीपासून पोट फुगवायला लागलीस गं?"

तिने वर पाहिलं आणि लपवण्यात अर्थ नाही हे तिला लगेच कळलं.

"घोडं फुगवतं, कारण त्याला आवळून घ्यायचं नसतं," तो म्हणाला. "तू का फुगवलंस?"

"तुम्ही महिनाभर बोलला नव्हतात, आके." ती नखाने गाठ कुरतडत होती. "त्या दिवशी ते काळं हातात घेतलंत, आणि तुमच्या तोंडावर जरा उजेड आला. म्हटलं, यानं तुम्हाला रात्री झोप लागणार असेल तर घेऊ या. जमवीन मी कसंतरी."

"आणि टोळीत घेतलं नसतं तर?"

"पुढच्या वर्षी बघितलं असतं."

"पुढच्या वर्षीसुद्धा फुगूनच?"

ती हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले. त्याला मात्र कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं होतं. गावच्या प्रत्येक शिंगराला विचारतो, आणि आपल्या शिंगराला विचारलं नाही. भीती आपली, आणि पट्टे तिला आवळले. फार वाईट वाटलं त्याला, आणि वाईट वाटलं की तो चिडतो, म्हणून तो चिडून म्हणाला, "आता सांग. नीट सांग. तुला कोणतं हवंय?"

"राखाडी."

"का?"

"ते घातलं की जाकीट घातलंय हे विसरायला होतं."

चांगल्या खोगिराबद्दल घोड्याचं म्हणणं हेच असणार असं तो स्वतःच गिऱ्हाइकांना सांगायचा. तो उठला आणि शेडमध्ये गेला. राखाडी जाकीट खुंटीवर नव्हतं. रायसा ते हातात घेऊनच उभी होती.

"चहा पिऊन अर्ध्या तासाने पुन्हा उतरू," ती म्हणाली. "मी आज कुठं जात नाहीये."

"तुम्हाला कळलं होतं?"

"मला संशय होता, आके. पण घोडी तुमची."

चहा झाला, बोरसोक झाले. तोक्तोकान गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि रिस्केल्दीने स्वतः जाकीट तिच्या खांद्यावर चढवलं. बुटांसकट पाण्यात उतरला होता, त्याचं त्याला भानही नव्हतं. पुढचा पट्टा हातात धरला आणि आवळला नाही, तसाच उभा राहिला.

"सोड श्वास."

तिने सोडला.

"सगळा नाही सोडलास. मी थांबतो, घाई नाही."

"आके, लोक बघतायत."

"बघू देत. मी थांबतो."

तिला हसू फुटलं, आणि त्या हसण्याबरोबर उरलासुरला श्वास गेला. त्याच क्षणी त्याने पट्टा खेचला, बकल लावलं, खाली बोटं घातली. दोन. मग पुन्हा म्हणाला, "आता घे श्वास." तिने छाती भरून घेतला. आवळलं नाही. मग काळ्या जाकिटावरून सोडवून आणलेला लाल दोरा त्याने या पट्ट्यावर बांधला.

तिने दोन्ही तळहात पुढे पसरले. बाता मागत होती, आशीर्वाद. वाटेला निघणाऱ्याला द्यायच्या बाता त्याला वीस तरी पाठ होत्या. पण सगळ्यांत घोडा होता, खिंड होती, वाटेवरचं कुरण होतं. पाण्याखाली जाणाऱ्यासाठी एकही नव्हती. त्याने तिच्या हातांसमोर आपले हात पसरले.

"तुझं नाव मी थांब म्हणून ठेवलं," तो शेवटी म्हणाला. "माझ्यापाशी थांब म्हणून ठेवलं होतं. आता तिथं खाली थांब. पाहिजे तेवढा वेळ थांब. आणि मग ये. ओमीन."

"ओमीन," तिने चेहऱ्यावरून हात फिरवला. रायसाने, बाप्तिस्मा झालेली असूनही, फिरवला.

दोघी खाली गेल्या. या वेळी तो धक्क्यावर गेला नाही, होता तिथंच उभा राहिला. समोर पाणी खोल होत गेलं होतं आणि त्यातून राखाडी पाठ दिसत होती, तळापासून वीतभर वर. हलत नव्हती. ती श्वास घेई तेव्हा अंगुळभर वर येई, सोडी तेव्हा अंगुळभर खाली जाई, बस. खाली गाळाचा कण उठत नव्हता. बुडबुड्यांचे दोन झुबके वर येत होते, एक तिचा, एक रायसाचा. त्याने तिचा झुबका नजरेत धरून ठेवला. येतोय. येतोय. आला.

नीट बघता यावं म्हणून तो एक पाऊल पुढे गेला, मग आणखी एक. पाणी मांडीला लागलं, कमरेला लागलं. मग ढगाआड गेलेलं ऊन पुन्हा निघालं, सगळं तळं चकाकलं, आणि त्याला पाठ दिसेना, बुडबुडे दिसेनात, काही दिसेना. तो डोळ्यांवर हात धरून तसाच उभा राहिला.

त्याच्यापासून चार हातांवर पाणी फुटलं. आधी तोंड वर आलं, मग लाल दोरा, कारण ती सरळ वर येत होती, छाती त्याच्याकडे करून. तिने तोंडातली नळी काढली. मागून रायसाचं डोकं वर आलं आणि रायसाने हात उंचावून पाचही बोटं दाखवली, पाच मिनिटं, पूर्ण.

पण तोक्तोकान रायसाकडे बघत नव्हती. तिचा बाप कमरेएवढ्या पाण्यात उभा होता, काल्पाक तिरका, चेहरा लालबुंद, खांदे वर चढलेले, छाती गच्च फुगलेली. ती पाणी कापत त्याच्याजवळ आली आणि त्याच्या फुगलेल्या छातीवर आपला ओला हात ठेवला.

"सोडा श्वास, आके," ती म्हणाली. "मी थांबते. घाई नाही."